नदीपलीकडे : एरंडवण्याचा भूगोल आणि आरंभीचा इतिहास

पुण्याविषयीच्या आठवणी लिहिणाऱ्या किमान दोन पिढ्यांच्या गद्यात एक विधान थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा भेटते. नदीपलीकडे त्या काळी काहीच नव्हते, सगळे माळरान होते, दिवेलागणीनंतर तिकडे चिटपाखरू फिरकत नसे. मग कोणी धाडसी गृहस्थ पेठेतला वाडा सोडून तिकडे बंगला बांधतो, आप्तेष्ट त्याला वेड्यात काढतात आणि वीस वर्षांनी तेच आप्तेष्ट शेजारी प्लॉट मिळेल का म्हणून चौकशीला येतात. ही कथा आम्ही इतक्यांदा वाचली आहे की तिच्यातल्या पहिल्या चार शब्दांकडे आमचेही बराच काळ लक्ष गेले नाही. 'काहीच नव्हते' म्हणजे नेमके काय नव्हते? साहित्याच्या अभ्यासकाला एखाद्या कादंबरीत असे वाक्य आढळले तर तो निवेदक कोण, कोठून पाहतो आहे, असे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. तोच प्रश्न एरंडवण्याला विचारून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आधी जागा नीट समजून घेऊ. मुठा नदी सह्याद्रीतून निघते, वाटेत आंबी आणि मोसी ह्यांचे पाणी घेते आणि खडकवासल्यावरून पुण्यात शिरताना साधारणपणे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते. पुढे संगमावर ती मुळेला मिळते. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताला पर्वतीच्या बाजूने सपाट होत गेलेला विस्तीर्ण तीर लागतो. कसबा आणि पेठा ह्याच तीरावर वसल्या. डाव्या हाताला चित्र निराळे आहे. तिकडे नदीपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरांवर टेकड्यांची एक भिंतच उभी आहे. तिचे सर्वांत उंच टोक वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर. तिच्याच सोंडा आज लॉ कॉलेजची टेकडी, हनुमान टेकडी अशा नावांनी ओळखल्या जातात. टेकडी आणि नदी ह्यांच्यामध्ये जी उतरती पट्टी सापडते तिच्यात उत्तरेला भांबुर्डे, मध्यावर एरंडवणे आणि दक्षिणेकडे कोथरूड व हिंगणे अशी गावे होती. पायथ्याची जमीन मुरमाड आणि खडकाळ, नदीलगतची गाळाची. पावसाळ्यात टेकडीवरचे पाणी नाल्यांतून ह्या पट्टीला आडवे छेदून मुठेत उतरे. आजही मुसळधार पाऊस झाला की कोणत्या रस्त्यावर पाणी तुंबते ते पाहावे. डांबराखाली नाहीसा झालेला नाला त्या दिवशी आपली वाट दाखवतो.

ह्या भूगोलात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. पेशवाईत भरभराटीला आलेले शहर नदीकाठचे असूनही नदीवर अवलंबून नव्हते. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आले आणि हौद भरू लागले. नदी उरली ती घाटांसाठी, मंदिरांसाठी आणि ओंकारेश्वराजवळच्या स्मशानासाठी. पेठेतल्या माणसाच्या मनात नदीपलीकडचा तीर हा सर्वस्वी व्यावहारिक प्रदेश नव्हता. जेथे आपण राखेच्या रूपाने जायचे त्याच्याही पुढचा तो मुलूख होता. 'पलीकडे' हा शब्द आठवणींत ज्या कापऱ्या स्वरात येतो, त्याचे थोडे कारण आमच्या मते येथे आहे.

वस्तुतः पलीकडे बरेच काही होते आणि ते फार आधीपासून होते. आठव्या शतकातील राष्ट्रकूट ताम्रपटांत 'पुण्यविषय' आणि 'पुनकविषय' असे ह्या प्रदेशाचे उल्लेख आहेत. जवळपास त्याच काळातील पाताळेश्वराचे अपुरे राहिलेले लेणे भांबुर्ड्याच्या हद्दीत, म्हणजे डाव्या तीरावर आहे. पुण्यात सर्वांत जुने असे जे दगडात आपल्यासमोर उभे आहे, ते मुळात पेठांत नसून 'काहीच नव्हते' त्या बाजूला आहे. एरंडवणे हे नाव एरंडाच्या वनावरून पडले असे लोक सांगतात. व्युत्पत्तीची ही गोष्ट खरी असो वा नसो, मुरमाड उतारावर एरंड मुबलक माजणे अगदी शक्य आहे. नदीच्या अंगाला मळे होते, बागा होत्या. पटवर्धन बाग हे नाव आजही पत्त्यांतून टिकून आहे, बाग गेली तरी. गावाला गावठाण होते, पाटील होता, शेते होती, शेतांचे मालक आणि शेतांवर राबणारे होते. भांबुर्ड्याचे शिरोळे पाटील तर पुढच्या इतिहासातही दिसतात, कारण पुष्कळशा संस्थांखालची जमीन मूळची त्या गावाची.

दोन तीर जोडणारा पूल लाकडी होता. नानासाहेब पेशव्यांच्या अखेरच्या दिवसांत, पानिपतानंतर, तो घाईने उभारला गेला असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात तो वाहून गेला आणि त्या जागी दगडी पूल आला. नंतर संभाजी पूल असे त्याचे रीतसर नामकरणही झाले. पण पुणेकराच्या तोंडी तो अजून लकडी पूलच आहे. लाकडाचा एक तुकडाही नसलेल्या पुलाला लोक पावणेदोनशे वर्षे लकडी म्हणत राहतात, ह्यात आम्हांला भाषेच्या इतिहासाचा एक छोटा धडा दिसतो: ठिकाणांची नावे वस्तूपेक्षा चिवट असतात. ह्याच पुलाच्या पायथ्याशी, नदीच्या अगदी लगत, पुलाची वाडी आहे. हे नाव लक्षात ठेवावे. शेवटी आपल्याला तेथे परत यायचे आहे.

डाव्या तीराचा कायापालट प्रथम केला तो प्राध्यापकांनी नव्हे, एका कालव्याने. खडकवासल्याचे धरण १८७९च्या सुमारास पुरे झाले. अभियंता फाइफ ह्यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाइफ म्हणत. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा कालवा पर्वतीखालून हडपसरकडे गेला. तो मोठा आणि प्रसिद्ध. डावा कालवा लहान, कोथरूड-एरंडवण्यावरून टेकडीच्या पायथ्याला धरून खडकीच्या दिशेने जाणारा. त्याच्यामुळे टेकडी आणि नदी ह्यांमधल्या पट्टीत एक नवी रेषा आखली गेली. कालव्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजू लागली, वरची कोरडी राहिली. शेतीच्या भाषेत हा फरक मोठा असतो. पुढे कालव्याचे पाणी थांबले, शेतेही गेली. पण प्रभात रस्ता आणि लॉ कॉलेज रस्ता ह्यांच्या दरम्यान 'कॅनॉल रोड' म्हणून जी वाट आहे, ती त्या पाण्याची वाट आहे. तिच्यावरून सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ती सरळ न जाता टेकडीच्या वळणाबरोबर का वळते, असा प्रश्न पडत असेल तर त्याचे उत्तर समपातळीत पाणी नेणाऱ्या कारागिरांकडे आहे.

ह्यानंतर संस्था आल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने फर्गसन कॉलेज १८८५ मध्ये शहरातल्या वाड्यात सुरू केले आणि १८९०च्या दशकात ते नदी ओलांडून भांबुर्ड्याच्या माळावर, टेकडीच्या पायथ्याशी नेले. त्याच टेकडीलगत १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. ह्या दोन घटना सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून येथे थांबत नाही. त्यांच्या जोडीला, किंबहुना मध्ये, एक तिसरी घटना होती आणि तिच्याविषयी आठवणींत कमी बोलले जाते. ती म्हणजे प्लेग. १८९६-९७ च्या साथीत आणि पुढे वर्षानुवर्षे फिरून येणाऱ्या साथींत पेठांतली कुटुंबे वाडे सोडून गावाबाहेर झोपड्या ठोकून राहत. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, चौकातले पाणी ह्यांच्याविषयी जे भय तेव्हा मनात बसले, त्याने मोकळ्या हवेला एकदम नैतिक मोल आले. बंगल्याभोवतीचे आवार ही चैन नव्हती, आरोग्याची हमी होती. उपनगराच्या जन्मकथेत दूरदृष्टीचे श्रेय मुक्तपणे वाटले जाते. उंदरालाही त्यातला वाटा द्यायला हवा.

धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट ह्याच संदर्भात वाचावी असे आम्हांला वाटते. ते १८९१ पासून फर्गसनमध्ये गणित शिकवीत होते. विधवांसाठी त्यांनी काढलेला आश्रम १८९६ मध्ये शहरात सुरू झाला आणि प्लेगच्या धामधुमीत १९०० मध्ये नदीच्या वरच्या अंगाला हिंगण्यास गेला. रावबहादुर गोखले ह्यांनी जमीन दिली आणि तेथे पहिली झोपडी उभी राहिली. कॉलेजातले काम आटोपून कर्वे हिंगण्याची वाट चालत. आज जिला कर्वे रस्ता म्हणतात ती त्या पायपिटीची स्मृती आहे, फक्त तिच्यावरून चालणे हे आता सर्वांत अवघड काम झाले आहे. पण प्रश्न असा की आश्रम गावाबाहेर का गेला? प्लेग हे एक कारण. दुसरे कारण त्या काळच्या सनातनी पुण्यात दडलेले आहे. विधवेशी विवाह केलेल्या माणसाच्या संस्थेला पेठेत जो श्वास घेता येत नव्हता, तो नदीपलीकडे घेता आला. म्हणजे 'पलीकडे' ही कोणासाठी हवा पालटण्याची जागा होती आणि कोणासाठी वाळीत टाकल्यावर उरलेली जागा. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' (१९१५) आणि आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' (१९४४) ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच माळाची दोन वर्णने कशी होतात ते विद्यार्थ्यांना सहज दाखवता येते. संस्थापकाला जेथे कार्य दिसते तेथे संसार करणाऱ्या बाईला पाणी, सरपण, आजारपण आणि एकटेपणा दिसतो. ह्याच हिंगण्यात शिकलेल्या बाळूताई खरे पुढे 'विभावरी शिरूरकर' ह्या नावाने लिहू लागल्या आणि १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध होताच पुण्यात वादळ उठले. शहराबाहेर ठेवलेल्या मुलींनी शहराविषयी काय पाहून ठेवले होते, ते त्या पुस्तकाने सांगितले. एरंडवण्याचा वाङ्मयीन इतिहास लिहायचा तर तो बंगल्यांपासून सुरू न करता ह्या वाटेपासून करावा.

बंगले आले ते त्यानंतर. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना हा क्लब स्थापन झाला. क्लबचे नाव मैदानाला, मैदानाचे वस्तीला, वस्तीचे बसथांब्याला असे चढत गेले, आणि आज 'डेक्कनला जातो' म्हणणाऱ्याच्या मनात खेळही नसतो आणि दख्खनचे पठारही नसते. ह्याच जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांच्या वेळी दोराबजी टाटांच्या मनात हिंदी खेळाडू परदेशी पाठवण्याचा विचार पक्का झाला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे पथक गेले. एका क्लबने एवढी मजल मारावी हे कौतुकाचेच आहे. मात्र आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट नावाची आहे. जुन्या गावाचे नाव एरंडवणे. ते मागे पडून इंग्रजी जोडनाव पुढे आले. भांबुर्ड्याचेही तेच झाले, तेथे शिवाजीनगर आले. दोन्ही गावांची नावे सातबाऱ्यात, नकाशांत आणि कोर्टाच्या कागदांत मात्र राहून गेली.

वस्तीची आखणी कशी झाली हे कोणत्याही पत्त्यावरून कळते. एरंडवण्यातल्या जुन्या बंगल्याच्या पत्त्यात 'फायनल प्लॉट नंबर' असे शब्द असतात. राहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचा अर्थ ठाऊक असतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करून, रस्ते काढून, उरलेली जमीन चौकोनी करून मालकांना परत देण्याची सोय केली. मूळ तुकडा तो 'ओरिजिनल', आखून परत मिळालेला तो 'फायनल'. म्हणजे 'फायनल प्लॉट' ह्या दोन शब्दांत त्याआधी तेथे काहीतरी होते, ही कबुली सरकारनेच देऊन ठेवली आहे. बांध, विहीर, पायवाट, आंब्याचे झाड, हे सगळे त्या 'ओरिजिनल'मध्ये होते. 'काहीच नव्हते' असे लिहिणारा गृहस्थ ज्या घरात बसून ते लिहीत होता, त्या घराचे खरेदीखत त्याला खोटे पाडीत होते.

पेठांतली बोळे आणि एरंडवण्यातल्या गल्ल्या ह्यांची नावे समोरासमोर ठेवून पाहण्यासारखी आहेत. तिकडे पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती. प्रत्येक नावामागे एक कथा, बहुधा रंगवलेली, पण कथा. इकडे प्रभात रस्ता, गल्ली क्रमांक अमुक. चौदाव्या गल्लीत राहणाऱ्याला तेराव्या गल्लीविषयी सांगण्यासारखी आख्यायिका नसते. नव्या वस्तीला स्वतःची कथा नको होती. नीटनेटकेपणा हवा होता. कथा ती पेठेतून घेऊन आली होती आणि गणपती-गौरीला ती ऐकायला पेठेत परत जात होती. ह्या आकड्यांच्या राज्यात लोकांनी आपल्या बळावर ठेवलेले एक नाव टिकले ते 'नळ स्टॉप'. कोथरूडच्या वाटेवर एक नळ होता आणि तेथे लोक थांबत, एवढेच. कोणत्याही ठरावावाचून पडलेले हे नाव आज मेट्रोच्या स्थानकावर आहे.

हे लोक कोण होते? पेन्शनर, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी. जातीने बहुतांशी ब्राह्मण, पगाराने मध्यम, मताने सुधारक किंवा निदान सुधारकांचे शेजारी. त्यांनी जमीन लुबाडली असे म्हणण्याचा आमचा रोख नाही. व्यवहार कायद्याने झाले, पैसे दिले-घेतले गेले. बंगल्यांच्या ह्या पिढीने पुण्याला ग्रंथालये, शाळा, संशोधनसंस्था दिल्या, ज्यांच्या जिवावर आम्ही स्वतः शिकलो. सल एवढाच आहे की विकत घेणाऱ्याने आठवणी लिहिल्या आणि विकणाऱ्याने लिहिल्या नाहीत. खरेदीखतावर त्याची सही किंवा अंगठा आहे. त्यापलीकडे मराठी गद्यात त्याचे पाऊल क्वचित उमटले. प्रशासनाच्या दृष्टीनेही ही वस्ती दीर्घकाळ शहराबाहेरचीच होती. शहराची नगरपालिका वेगळी आणि उपनगराची वेगळी. १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका झाली तेव्हा कुठे दोन्ही तीर एका दप्तरात आले.

ह्या सगळ्यात आम्हांला सर्वांत अधिक खिळवून ठेवतो तो टेकडीच्या पायथ्याचा एक छोटा तुकडा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि दोन वर्षांत तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकरांनी ते हाती घेतले. १,२५९ हस्तलिखितांचा विचार करून १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पाठांची छाननी एरंडवण्याच्या एका दगडी इमारतीत बसून झाली. कोणता श्लोक मुळातला, कोणता मागाहून घातलेला, हे थर सोलण्याचे काम तेथे जवळपास अर्धे शतक चालले. ह्याच परिसरात इरावती कर्वे राहत होत्या, आणि त्या आवृत्तीच्या आधारावाचून 'युगान्त' (१९६७) ज्या रूपात आहे त्या रूपात होऊ शकले नसते.

आणि ह्याच संस्थेच्या शेजारी दामोदर धर्मानंद कोसंबी राहत. नोकरी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत; ये-जा डेक्कन क्वीनने; आणि उरलेला वेळ घरामागच्या टेकडीवर. तेथे त्यांना सूक्ष्मास्त्रे सापडली: गारगोटीच्या जातीच्या दगडांची, नखाएवढी, पण माणसाने घडवलेली पाती. हजारो वर्षांपूर्वी शिकारी आणि गुरे चारणारे लोक ज्या वाटांनी ह्या उतारांवरून जात, त्याच वाटांच्या कडेने पुढे शेंदराचे दगड, म्हसोबा, वेताळ आणि मातृदेवता बसल्या, असे त्यांचे निरीक्षण. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ मध्ये आला. त्यात वेताळाच्या उपासनेवर स्वतंत्र विभाग आहे आणि घराच्या आसपास पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांचेही वर्णन आहे. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) मध्ये हाच धागा त्यांनी देवतांच्या तिठ्यांपर्यंत नेला. ज्या जागी शेजाऱ्यांना माळरान दिसत होते त्या जागी ह्या माणसाला अश्मयुगापासून आजपर्यंत न तुटलेली वस्ती दिसली. फरक जमिनीत नव्हता.

सुखठणकर आणि कोसंबी ह्यांची कामे आम्ही नेहमी एकमेकांशेजारी ठेवतो. एकजण पोथीचे थर काढीत होता, दुसरा टेकडीचे. पोथीच्या थरांना मान्यता लगेच मिळाली, कारण पोथी कोणाची हे सर्वांना ठाऊक होते. टेकडीच्या थरांना वेळ लागला. वेताळाच्या पायाशी शेंदूर वाहणारा माणूस हाही इतिहासाचे साधन आहे, हे मान्य करायला प्राध्यापकांच्या वस्तीला जड गेले असावे. पोथ्यांच्या वाट्यालाही पुढे विपरीत दिवस आला. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत घुसून मोडतोड केली. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा निषेध करताना आम्हांला तेव्हाही संकोच वाटला नाही, आजही नाही. पण नदीपलीकडची ही ज्ञानाची वस्ती कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी फार वाईट रीतीने विचारला गेला असला तरी तो तेव्हा जन्मलेला नव्हता.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून येथे आली. टेकडीखाली स्टुडिओ उभा राहिला, 'अमृतमंथन' (१९३४) आणि 'संत तुकाराम' (१९३६) येथे तयार झाले, रस्त्याला कंपनीचे नाव पडले. १९६० मध्ये त्याच जागी चित्रपट प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. ह्या स्टुडिओविषयी वेगळाच लेख हवा. येथे एवढेच नोंदवू की देहूचा वाणी पडद्यावर उभा करायला हीच मुरमाड जमीन उपयोगी पडली, ज्या जमिनीवर स्वतःचे तुकारामही कधीकाळी नांगर धरीत असतील.

आता नदीकडे परत येऊ. उपनगराने नदीकडे फारसे पाहिले नव्हते. त्याचे तोंड टेकडीकडे होते. बंगल्याची किंमत टेकडीजवळ गेल्याने वाढे. काठावर राहिले ते गावठाणातले, वाड्यांतले, ज्यांना उंचावर जागा परवडत नव्हती ते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे बांधून पुरे न झालेले मातीचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरण फोडले आणि दुपारपर्यंत मुठेचे पाणी लकडी पुलावरून गेले. त्या दिवशी पुण्यात जमीन विकत घेताना कोणी किती उंची विकत घेतली होती ते उघड झाले. पेठांचा नदीलगतचा भाग बुडाला, पुलाची वाडी बुडाली. टेकडीच्या बाजूचे बंगले कोरडे राहिले. नंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यांतली एक, गोखलेनगर, टेकडीच्याच कुशीत वसवण्यात आली. काठावरची माणसे प्रथमच उंचावर गेली, पण ती प्लॉट घेऊन नव्हे. घरे वाहून गेल्यावर.

त्यानंतरच्या दशकांत नदीवर आणखी पूल आले. म्हात्रे पूल, राजाराम पूल, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा बाबा भिडे पूल. काठाने रस्ता झाला, त्याच्या कडेने मंगल कार्यालये आणि हिरवळी झाल्या, पूररेषेच्या आत. ज्या पट्टीत पूर्वी मळे होते तेथे लग्नाचे मांडव पडू लागले. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. 'फायनल' प्लॉटही शेवटी फायनल ठरला नाही.

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे, मुसळधार पावसात, पुलाच्या वाडीत तिघे तरुण हातगाडी आणि तिच्यावरचे सामान पाण्यातून हलवीत असताना विजेचा धक्का बसून मरण पावले. त्याच दिवशी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पलीकडच्या तीरावर, सिंहगड रस्त्याच्या बाजूला, सोसायट्यांचे तळमजले बुडाले. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी १९६१ ची आठवण निघाली. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की लकडी पुलाच्या कठड्याशी दोन्ही तीरांवरची माणसे पूर पाहायला जमतात, मुलांना खांद्यावर घेतात, फोनवर छायाचित्रे काढतात. कठड्यावरून खाली वाकले की वाडी दिसते. तेथे त्या वेळी सामान वरच्या मजल्यावर नेणे चाललेले असते.